पाहुण्यांची जागा

बायकोला दवाखान्याच्या दारात उतरवून दशरथ मोरे गाडी लावायला म्हणून पुढे गेले, त्याला आता पाऊण तास होऊन गेला होता. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. कुंभार्ली घाटात धुक्यातसुद्धा गाडीला कधी ओरखडा आला नाही. पण गाडी लावायची कुठे, हा प्रश्न त्या तीस वर्षांत कधी पडला नव्हता. डेपो असायचा.

अंधेरीत रस्त्याच्या एका कडेला मेट्रोचे पत्रे होते आणि दुसऱ्या कडेला रिक्षा. मॉलच्या दारातल्या माणसाने ऐंशी रुपये सांगितले. दशरथांना ते जास्तच वाटले, तरी मुंबई आहे म्हणून ते कबूल झाले.

"दिवसभराचे ना?"

"तासाचे, काका."

दशरथांनी गाडी मागे घेतली.

फोन वाजला. शेवंती होती. "माझा नंबर तेविसावा. आत्ता चौथा चाललाय. तुम्ही आहात कुठे?"

"हा काय, आलोच," दशरथ म्हणाले आणि त्याच गल्लीत सातव्यांदा वळले.

या खेपेला एका सोसायटीच्या गेटच्या आत त्यांना रिकामी जागा दिसली. मागे भिंतीवर रंगवलेलं होतं, 'फक्त पाहुण्यांसाठी'.

"कुणाकडे?" वॉचमनने खिडकीशी येऊन विचारलं.

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे दशरथांना ते पटकन सुचेना. त्यांनी गेटवरच्या पाटीकडे पाहिलं आणि चष्म्याशिवाय जे नाव वाचता आलं ते सांगून टाकलं. "सुर्वे. तीनशे दोन."

वॉचमनने इंटरकॉम उचलला. दशरथांनी मुकाट्याने रिव्हर्स गिअर टाकून ठेवला.

"लावा आत," वॉचमन म्हणाला. "तुमचीच वाट बघतायत."

गाडी लावून हळूच सटकावं, असं दशरथांच्या मनात होतं. पण वॉचमन लिफ्टपर्यंत सोबत आला आणि तीनचं बटणही त्यानेच दाबलं. वर लिफ्टचं दार उघडलं, तर समोर इस्त्रीच्या सदऱ्यातले साठीचे एक गृहस्थ हात जोडून उभे.

"या, या, मामा. मी भाऊ सुर्वे. देवेशचे वडील म्हणालेच होते, मामा कल्याणहून परस्पर येतील म्हणून. मंडळी पोचतायत ना?"

"अहो, मी काय म्हणतो..."

"बसा तर आधी."

दशरथ बसले. चौरंगावर फुलदाणी होती, सोफ्यावर नवे अभ्रे होते. आतून एक मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली. ही जान्हवी, भाऊंनी सांगितलं, बँकेत आहे, स्वयंपाक सगळा येतो. मग आपला देवेश स्वभावाने कसा आहे, म्हणून त्यांनी विचारलं. दशरथांनी घाईघाईने घास तोंडात घातला. सकाळी साडेचारला चिपळूण सोडल्यापासून पोटात काही नव्हतं, आणि पोहे चांगले झाले होते.

इतक्यात इंटरकॉम वाजला.

"आली वाटतं मंडळी," भाऊ उठले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "अरे, पाव्हणे आहेत ते आमचे. एका घराला एकच गाडी म्हणजे काय? थांब, आलो मी खाली."

दशरथ ताडकन उठले. "माझी गाडी काढतो मी. लगेच काढतो."

"छे छे! मुलाच्या मामांना उठवू होय मी? तुम्ही चहा घ्या." भाऊ सपाता घालून निघूनही गेले.

खोलीत दोघंच उरली. दशरथांनी बशी खाली ठेवली.

"बाळ, मी कुणाचा मामा नाही. माझी बायको समोरच्या दवाखान्यात आहे. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून मी खाली तुमचं नाव सांगितलं. माझं चुकलं. गाडी काढतो, म्हणजे त्यांना जागा होईल."

जान्हवीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती खिडकीशी गेली. खाली एक लांबलचक पांढरी गाडी गल्लीत वळत होती आणि भाऊ तिच्यापुढे हात हलवत धावत होते.

"काकूंना किती वेळ लागेल?"

"दोन तास तरी."

"मग बसा ना." तिने बशीत आणखी पोहे वाढले. "बाबांना मी दोनदा नाही म्हणून सांगितलं. त्यांना ऐकूच येत नाही."

दशरथ बसले. पांढरी गाडी आणखी तीनदा खिडकीखालून गेली. चौथ्यांदा आली नाही.

भाऊ वर आले तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ते खुर्चीत बसले आणि चहाचा पहिला कप त्यांनीच घेतला.

"गेले. म्हणाले, लग्नानंतर दर सणाला असंच फिरायचं का आम्ही?" त्यांनी चहा संपवला. मग त्यांची नजर दशरथांवर गेली. "ते तर म्हणाले, मामा अजून कल्याणलाच आहेत. मग तुम्ही कोण?"

दशरथांनी सगळं सांगितलं, हात जोडून. भाऊंनी रिकामा कप खाली ठेवला.

"चिपळूणला कुठे?" मग त्यांनी विचारलं.

"मार्कंडीत."

"आमचं सावर्डे." भाऊ सुस्कारा टाकून उठले. "राहू दे गाडी. पण येत्या रविवारी मुलुंडचं स्थळ यायचंय. तेव्हा तरी जागा मोकळी लागेल मला."

दशरथ निघाले. जान्हवी लिफ्टपर्यंत आली, मागे वळून तिने दार ओढून घेतलं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याकडचं कोणी रविवारी गाडी घेऊन इकडे येणार असेल, तर त्यांना आमचं नाव सांगायला सांगा. दहाच्या आत आले तर बरं."