रक्तशुद्धीचा काढा

अतिदक्षता विभागाच्या काचेतून आई एकटक बघत होती. लेकाचं रक्त एका नळीतून बाहेर यायचं, यंत्रात गाळलं जायचं आणि दुसऱ्या नळीतून पुन्हा अंगात शिरायचं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, "सहा महिने कसला तरी काढा पोटात गेलाय. त्यानंच किडन्या निकामी झाल्यात."

आईला हे पटेना. काढा तिच्या मानलेल्या भावाचा, रक्त शुद्ध करणारा. बिचारा स्वतःच्या हातानं उकळून आणून द्यायचा. भक्तानं देवावर टाकावा तसा भार तिनं त्याच्यावर टाकला होता.

तेवढ्यात भाऊच जिना चढून आला. तिचा जीव भांड्यात पडला.

"भाऊ, तूच समजाव रे त्या डॉक्टरला. तुझ्या काढ्याला नावं ठेवतोय."

"ठेवू दे, ताई. त्यांना झाडपाल्यातलं काय कळतंय? यंत्रानं कधी रक्त शुद्ध होतं का?"

शेजारून जाणारी नर्स त्याला बघून थांबली आणि ओळखीचं हसली.



"काका, आज कसे काय? तुमचं डायलिसिस उद्या ना? दोन वर्षांत एकही वार चुकवला नाहीत तुम्ही."