तिला कळू नये म्हणून

“हरितापुढे मराठी बंद करा, घरात फक्त तमिळ बोला,” असे स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितले. इथल्या शाळेत तमिळच चालते, दोन भाषांत पोर गोंधळते, असे त्यांचे म्हणणे. अजून एकही शब्द न बोललेल्या चार वर्षांच्या नातीसाठी आम्ही ते पाळले. मी तर तिला गोष्टी सांगणेही सोडले. आठ महिने झाले. दर शुक्रवारी बाई तिच्या तक्त्यात ‘स्वतःहून बोललेले शब्द’ या रकान्यात शून्य लिहितात.

मराठी उरली ती आम्हा मोठ्यांत, पोरीला कळू नये असे काही बोलायचे असले की. काल तर बाईंच्या खोलीतच, हरिताला मांडीवर घेऊन, माझी बहीण सुनेला म्हणाली, “संगीता, असली मुकी पोर पुढे कोण पदरात घेणार गे?”

“आत्या, तिच्यासमोर नको.”

“हिला कुठे मराठी कळते!”

मला संताप आला. तरीही मी, जन्मभर पुस्तकांत तोंड खुपसून बसलेला, बाईंच्या टेबलावरचा तक्ता वाचू लागलो.

बाईंनी तमिळमध्ये लाडाने विचारले, “कण्णु, तुझं नाव काय?”


हरिता स्वच्छ मराठीत म्हणाली, “मुकी.”