डाव्या हाताला

मनीषनगरच्या बगिच्यात सकाळच्या उन्हात जागेश्वरनं नवाकोरा मेटल डिटेक्टर गवतावरून फिरवला, तर तो सगळ्यात आधी बायकोच्याच पायाशी वाजला.

“सरक वं काजल. तुह्या जोडव्यांनं वाजून राहिला.”

सवाष्णीनं जोडवी काढायची नसतात. तरी काजलनं ती काढून पदराच्या टोकाला बांधली आणि लांब बाकावर जाऊन बसली.

यंत्र पुन्हा वाजलं, जागेश्वरच्या डाव्या हाताला, रिकाम्या गवतावर. एक आवाज, मग जरा उशिरानं दुसरा. तो पाऊलभर पुढे सरकला, तसा आवाजही सरकला. कुणी लंगडत सोबत चालावं तसा.

त्याची पहिली बायको मयुरी लंगडायची. ती जोडव्यांसकट सरणावर गेली, हे सासूबाई अजून कौतुकानं सांगत.

जागेश्वर दचकला नाही. त्यानं फक्त चाल हळू केली. लग्नाला सहा वर्षं झाली, पण काजलसाठी तो एकदाही हळू चालला नव्हता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जोडवी बोटांत कोंबत ती तरातरा गेली आणि त्याच्या डाव्या हाताला, नेमकी त्या आवाजाच्या जागी जाऊन उभी राहिली.

“आता वाजवा!”

यंत्राची तबकडी तिच्या पावलांवरून फिरली. चांदी उन्हात चकाकत होती, पण आवाज आला नाही.

“काजल,” जागेश्वरनं तिच्या आरपार रिकाम्या बाकाकडे पाहत हाक मारली, “कुठी गेली वं?”