चार प्रश्न

"कॅन्सर नव्हता हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कालच्या स्कॅनमध्ये कुठेच नाही. त्या औषधानं गेल्या."

लिफ्टचा मेकॅनिक आयसीयूच्या दाराशी बायकोच्या चपला घेऊन उभा होता. डाव्या चपलेत टाचेखाली स्पंजचा तुकडा होता. तो त्यानंच कापून बसवला होता. तिच्या त्या टाचेवरचा काळा डाग तीन वर्षांपूर्वी कापून काढला, तोवर आजार यकृतापर्यंत पोचला होता.

"या औषधानं शरीर कॅन्सरशी लढतं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "कधी कधी ते स्वतःवरच उलटतं. फुफ्फुसांना सूज आली. पण ती एका दिवसात येत नाही. खोकला, दम, काहीतरी आधी झालंच असणार. वेळेवर कळलं असतं तर औषध थांबवलं असतं. गोळ्यांनी सूज उतरली असती."

"म्हणजे कुणी विचारलंच नाही!" त्याची मुलगी ओरडली.

इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर बातमी ऐकून धावत वर आली होती. ती भिंतीला टेकून रडत होती. मुलगी तिच्या अंगावर धावून गेली. "दर वेळी फॉर्म भरायचीस ना? त्यात 'नाही, नाही, नाही' लिहिलंय! बसल्या जागी खुणा केल्यास!"

सिस्टरनं मेकॅनिककडे पाहिलं. त्यानं चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

आठ महिन्यांपूर्वी याच डॉक्टरीणबाईंनी हसत हसत फाइल मिटली होती. दोन वर्षं, दर तीन आठवड्यांनी औषधाची एक पिशवी शिरेतून. सलग दोन स्कॅन स्वच्छ. "आता थांबवू या," त्या म्हणाल्या.

बायको खुर्चीतच सैल झाली. "सुटलं बाई एकदाचं दावं! मी आता ताईकडे जाणार. चांगली दोन महिने राहणार."

मेकॅनिकचा मात्र चेहरा उतरला. "चालू लिफ्टची सर्व्हिसिंग कुणी बंद करतं का? ती चालतेय तीच सर्व्हिसिंगमुळे."

"अहो, मी काय लिफ्ट आहे?" बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. शरीर एकदा लढायला शिकलं की बहुतेकांच्या बाबतीत ते विसरत नाही. उलट औषध चालू ठेवण्यातही धोका असतो. तो ऐकत होता, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. "परत येणार नाही, असं लिहून देता?" एवढंच तो विचारत राहिला. असं कोण लिहून देणार?

बाहेर आल्यावर त्याला स्कूटरची किल्ली लावता येईना. बायकोनं ते पाहिलं. तिनंच किल्ली लावली.

"बरं," ती म्हणाली. "आणखी वर्षभर. तुमच्यासाठी. मग मात्र ताईकडे."

डॉक्टरीणबाई नाइलाजानं तयार झाल्या. "पण जराही त्रास दिसला, तर त्याच दिवशी बंद."

हे वाक्य मात्र त्यानं नीट ऐकलं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. "सगळ्या गावाला वर पोचवता, आणि घरच्या बाईला जिने," हे बायकोचं ठरलेलं वाक्य होतं. ती ते जिना चढता चढता म्हणायची. त्या वाढीव वर्षाच्या सहाव्या महिन्यात ती ते दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणू लागली. मग पहिल्या मजल्यावरही थांबू लागली. मग नुसतीच थांबायची. कठडा धरून खोकायची. मेकॅनिक एक पायरी खाली, भाजीची पिशवी घेऊन उभा राहायचा.

"धूळ फार झालीय जिन्यात," तो म्हणायचा.

ती गेल्यावर दहा दिवसांनी मुलीनं तक्रार लिहायला घेतली. हॉस्पिटलनं सिस्टरला आधीच घरी बसवलं होतं. आता चौकशी होणार होती. मुलगी वाचून दाखवत होती. हलगर्जीपणा. खोट्या नोंदी. मेकॅनिक टेबलापलीकडे बसला होता. तीस वर्षांत त्यानं लिफ्टच्या वहीत न तपासता एकदाही खूण केली नव्हती. जे करायचे त्यांना तो चारचौघांत फैलावर घ्यायचा.

"बाबा, तुम्ही दर वेळी आईच्या शेजारी होतात," मुलगी म्हणाली. "एवढंच सांगा. त्या सिस्टरनं विचारलं होतं?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला.

"इथे सही करा."

त्यानं चष्मा लावून सही केली. मुलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याइतकं कुणी केलं नसतं, बाबा. एक डोस चुकू दिला नाहीत."

सिस्टरनं दर वेळी विचारलं होतं. सुई लावण्याआधी, फॉर्म मांडीवर घेऊन, एकेक करून. "काकू, जुलाब? खोकला? दम? अंगावर पुरळ?" आणि दर वेळी बायकोनं तोंड उघडायच्या आत मेकॅनिकच म्हणाला होता, "काही नाही. ठणठणीत आहे." शेवटच्या वेळी सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही नका सांगू. काकूंना सांगू द्या." बायको म्हणाली, "तसं जिन्यात जरा..." मेकॅनिकनं तिचं मनगट दाबलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं.

"काही नाही गं," ती सिस्टरला म्हणाली. "हे म्हणतात तसंच."

सिस्टरची नोकरी गेली. ताईकडे न्यायची बॅग पलंगाखाली भरलेली आहे. मुलीला सांगायचं अजून राहिलं आहे.