प्रोसेसरचं झाकण

कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची स्पर्धा तोंडावर आली होती आणि सम्मेदचा प्रोसेसर तापून मध्येच बंद पडत होता. शेवटी विश्रामबागच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, त्यानं पातळ पातं घेऊन प्रोसेसरवरचं धातूचं झाकण काढायला सुरुवात केली. आतली सुकलेली पेस्ट बदलली, की उष्णता लवकर बाहेर पडणार होती. थोरली बहीण कीर्ती शेजारी श्वास रोखून बसली होती.

तीन बाजू अलगद सुटल्या. चौथ्या बाजूला पातं घसरलं. झाकण निघालं खरं, पण खालच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर खोल ओरखडा उमटला. जोडून बघितलं, तर स्क्रीन काळीच.

"अक्का, गेला गं," सम्मेद म्हणाला. त्याला मान वर करवेना.

कीर्ती उठून आत गेली. दोघांनी अगदी सारखे दोन कॉम्प्युटर जुळवले होते. तिच्या कॉम्प्युटरवर ती लग्नाचे अल्बम करायची. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर तिचा प्रोसेसर होता.

"नको अक्का, तुझी कामं अडतील. आणि हा तसाच लावला तर हा बी तापणारच की."

"तसाच लाव म्हणून कोण म्हणतंय?" तिनं पातं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "काढ झाकण. आता तुला ठाऊक हाय, हात कुठं घसरतो ते."