दादाची बंदूक

आजवर सिग्नलही न मोडलेल्या शिक्षिकेच्या गाडीत, तपासणी नाक्यावर, चादरीत गुंडाळलेली बंदूक निघाली. परवाना थोरल्या भावाचा. “दुसऱ्याची बंदूक गाडीतून नेणं गुन्हा आहे, बाई. अटक होईल,” फौजदार म्हणाले. “होऊ दे. पण ती दादाला परत देऊ नका.” वहिनी गेल्यापासून दादाने उंबरा ओलांडला नव्हता, दिवसभर ती बंदूक पुसत बसायचा. आज तो आंघोळीला गेला आणि तिने ती पळवली. फौजदारांनी दादाला फोन लावला. तासाभरात तो चौकीत आला, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. “बंदूक मीच ठेवली होती गाडीत. परवाना रद्द करा, पण हिला सोडा.” सही करून तो तिच्याशेजारी बाकावर बसला. “आज ठरवलंच होतं गं मी,” तो पुटपुटला. तिने त्याचा हात घट्ट धरला. फौजदारांनी बाहेर जाऊन दार लोटलं.