खांबांसमोरचा फोटो

समुद्रात उतरलेले थिजलेल्या लाव्ह्याचे ते काळे षटकोनी खांब काही केल्या फोटोत मावेनात. आई गुडघ्यावर बसली, फोन तिरका धरला आणि लेकीला हाताने खुणावू लागली. तेवढ्यात कुठून तरी एक म्हातारा धावत आला आणि त्याने पोरीचा दंड धरून तिला खसकन ओढलं.

"हात सोडा तिचा! लाज नाही वाटत या वयात?"

"अहो बाई, मी फक्त..."

"फक्त काय? माझी पोर आहे ती!"

खडक बघायला आलेली माणसं भोवती जमली. कुणी म्हाताऱ्याला शिव्या घातल्या, एकाने तर ढकललंसुद्धा. तो मान खाली घालून वाटेला लागला.

तिने लेकीला पोटाशी धरलं. "काय म्हणत होते गं ते?"

"म्हणाले, बाळ, मागे बघ, खडक संपला," लेक तिच्या कानाशी हुंदके देत म्हणाली. "पण आई, तूच हात करत होतीस ना, अजून मागे, अजून मागे?"

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने आईच्या पाठीवरून हात फिरवला. "आई असावी तर अशी! डोळ्यांत तेल घालून जपते हो पोरीला."

म्हातारा अजून हाकेच्या अंतरावर होता. तिने हाक मारली नाही.